कर्करोगातून उठलेल्यांची बिडी नुसतं 'सोडा' म्हणून सुटत नाही

महोदय,

कर्करोगाचे उपचार संपवून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर 'धूम्रपान बंद' एवढं लिहिलं की काम झालं, असं आपल्याकडे धरून चालतात. रुग्णही विचारतो, 'आता व्हायचं ते होऊन गेलं, सोडून काय मिळणार?' पुष्कळ मिळतं. धूर चालू राहिला तर दुसरा, नवा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. जबड्याला शेक (रेडिएशन) घेतलेल्यांचं हाड कुजण्याची भीतीही वाढते.

खरी अडचण बिडी सोडवणाऱ्या औषधाच्या निवडीत आहे. मेडिकलमध्ये सहज मिळतं ते २ मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगगम. पण शेकानंतर ज्याचं तोंड कोरडं पडलंय, आलंय किंवा नीट उघडत नाही, त्याने ते चघळायचं कसं? त्याला कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी (पॅच) बरी. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगरेटी ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमची पट्टी ६ आठवडे, मग १४ ची २ आणि ७ ची २ आठवडे. ती केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर रोज जागा बदलून लावावी, शेक दिलेल्या भागावर मात्र नको. वाईट स्वप्नं पडू लागली तर रात्री काढून ठेवावी. आठवड्याभरात तलफ कमी झाली म्हणून पट्टी सोडून देतात आणि तिथेच गाडी घसरते.

गोळ्यांचा मामला आणखी नाजूक. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ब्युप्रोपियॉन ही धूम्रपान सोडवणारी गोळी त्याचा परिणाम कमी करू शकते. मेंदूत गाठ असेल तर ब्युप्रोपियॉनने झटके येण्याची भीती. व्हॅरेनिक्लीन हे दुसरं औषध बिडी सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, १२ आठवडे चालतं. मळमळ होते म्हणून जेवणानंतर घ्यावं. सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाने मूत्रपिंडं थकली असतील तर डोस डॉक्टरांनीच ठरवावा.

'बिडीशिवाय पोट साफ होत नाही' ही तक्रार थट्टेवारी नेऊ नये. निकोटिन बंद झाल्यावर काहींना बद्धकोष्ठ होतं, त्यात वेदनेसाठी मॉर्फिन चालू असेल तर विचारायलाच नको. त्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी, नाहीतर माणूस चौथ्या दिवशी सकाळी टपरीवर दिसतो.

आणखी एक. बायका-मुलांसमोर 'ओढता का?' विचारलं की उत्तर 'नाही' असंच येणार. एकट्याला गाठून 'गेल्या आठवड्यात किती झाल्या?' असं विचारावं, तंबाखू-मशेरीचंही विचारावं. बिडी सोडून चुना-तंबाखू मळू लागलेले कमी नाहीत.

निकोटिन २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते कर्करोग रुग्णालयांच्या औषधखिडकीवर मिळालं पाहिजे. १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन पाकिटावर छापलेली असते, तशीच ती डिस्चार्जच्या कागदावरही छापावी. आणि दर फेरतपासणीच्या केसपेपरवर वजन-रक्तदाबाशेजारी तंबाखूचा रकाना असावा, तपासणी सहा महिन्यांवर गेल्यानंतरही.

– एक तंबाखूमुक्ती समुपदेशक, पुणे