बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त: आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

सहस्रचंद्रदर्शनासाठी सभागृह घ्यायचे नाही, चारशे पाने उठवायची नाहीत आणि तो पैसा कुणाच्या तरी कामी यावा, असे बाबांनी फोनवर सांगितले आणि त्यावर आम्हा भावंडांचे मत विचारले. दादाशी आणि वहिनीशी मी सविस्तर बोलले. आमचे तिघांचे मत एकच पडले, म्हणून सर्वांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

सगळी रक्कम एका दिवशी एका संस्थेला देऊन मोकळे होऊ नये, अशी आमची विनंती आहे. आपल्या घराला जवळून माहीत असलेली एखादी गरज निवडावी आणि ती आपण सर्वांनी मिळून वर्षानुवर्षे सांभाळावी. अशी गरज तुमच्या घरापासून फार लांब नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडारा येथून, शिवाय पलीकडे बालाघाट, शिवनी, छिंदवाडा येथून माणसे उपचारासाठी नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, येतात. रुग्णाला खाट मिळते, जेवण मिळते. त्याच्यासोबत आलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न मात्र उरतो. आत्याच्या आजारपणात मी वॉर्डाबाहेर बसत असे, तेव्हा शेजारी चटई टाकून बसलेली एक बाई एक्स-रेच्या पाकिटाने स्वतःला वारा घालत असायची. परतीच्या एसटीचे पैसे तिने पदराच्या गाठीला बांधून ठेवले होते आणि ती गाठ सोडावी लागू नये म्हणून ती संध्याकाळचे जेवण टाळायची. मी डबा पुढे केला, तेव्हा आधी तिने आत जाऊन नवऱ्याने खाल्ले की नाही ते पाहिले, मग अर्धी पोळी घेतली. अशी माणसे मागत नाहीत, त्यामुळे मागणाऱ्यालाच देण्याची आपली सवय त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

आजोबा नागपूरच्या महाल भागात वार लावून जेवले आणि शिकले, हे बाबांनी आम्हाला लहानपणापासून सांगितले आहे. सात घरे, सात वार. कुठल्याही एका घरावर भार पडत नसे, आणि मुलगाही ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी हक्काने पानावर बसत असे, त्यामुळे त्याची मान खाली जात नसे. देण्याची याहून चांगली घडण मला तरी सुचत नाही. म्हणून आपल्या नात्यातील सात घरांनी एकेक वार घ्यावा आणि त्या दिवसाच्या पंचवीस डब्यांचा खर्च त्या घराने उचलावा, असे आम्ही सुचवीत आहोत. तुमचे घर, दादाचे, माझे, मावशीचे, दोन्ही काकांचे आणि आत्याच्या मुलाचे, अशी सात घरे सहज होतात. बाहेरगावी असलेल्यांनी आपल्या वाराचे पैसे पाठवायचे. आईने मात्र यासाठी ओट्याशी उभे राहू नये. तिच्या गुडघ्यांना ते सोसणार नाही आणि त्याची गरजही नाही. मानेवाड्याकडील एखाद्या महिला बचत गटाला हे काम दिले, तर त्या बायकांनाही बाराही महिने हक्काची मिळकत होईल. उन्हाळ्यात नागपुरात शिजवलेले अन्न चार तासही धड टिकत नाही, त्यामुळे पोळी आणि कोरडी भाजी असावी, आणि डबे कुठे व कुणाला द्यायचे ते रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना विचारूनच ठरवावे. कुणाच्या घरून दोन दिवसांत कुणी आले नाही, कुणाकडे गावी परतायला भाडे नाही, हे त्यांना माहीत असते. आपण अंदाजाने वाटत बसलो तर जो पुढे येईल त्यालाच मिळेल.

अन्नदानाची रीत आपल्या शहराला नवी नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वस्त्यांमधील कुटुंबे भोजनदानाचे मंडप घालतात, लहान मुले हातात पाण्याचे पेले घेऊन उभी असतात आणि परगावाहून चालत आलेला माणूस कुठला, कोण, हे कुणी विचारत नाही. आपल्या नातवंडांनीही वर्षातून काही दिवस तरी डबे स्वतःच्या हातांनी द्यावेत, असे मला मनापासून वाटते. केवळ बँकेतून पैसे वळते होताना पाहून मुलांना देणे कळत नाही. गाडगेबाबांनी लोकांकडून मिळालेला पैसा मंदिरांवर न घालता धर्मशाळांवर, शाळांवर घातला, आणि मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. हे मुलांना पुस्तकातून ठाऊक आहे, आता ते त्यांनी हातांनी करावे.

पैशाबद्दल थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नये. तुमच्या औषधपाण्याची आणि अडीअडचणीची कोणतीही ठेव यासाठी मोडायची नाही. सोहळ्यासाठी बाजूला काढलेली रक्कम पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत बाबांच्या नावावर ठेवावी. तिचे व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते. ते या कामाला लावावे आणि मुद्दल तुमचे तुमच्याजवळ राहू द्यावे. पुढे त्या मुद्दलाचे काय करायचे, ते बाबांनी दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्रात लिहून ठेवावे. आम्हा दोघांनाही त्यातले काही नको आहे.

आई दरवर्षी आनंदवनाला आणि हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाला जे पाठवते, ते तसेच चालू राहावे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये उभे केलेले काम आणि १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात सुरू झालेला दवाखाना आजही चालतो, तो अशा लहान पण न चुकणाऱ्या रकमांच्या आधारावर. फक्त ‘अमुक वस्तूसाठीच’ अशी अट त्या पैशाला घालू नये. खाट किंवा पंखा द्यायला पुष्कळ लोक पुढे येतात, कारण त्यावर नाव घालता येते. वीजबिल, डिझेल आणि परिचारिकेचा पगार द्यायला फारसे कुणी येत नाही. आपल्या घराच्या नावाची पाटी कुठेही लागू नये, असे माझे ठाम मत आहे.

कुणी नव्या संस्थेचे नाव सुचवले, तर धर्मादाय आयुक्तांकडील तिची नोंदणी आणि मागील वर्षांचे लेखापरीक्षण आधी पाहावे, आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. देणगीवर आयकरात मिळणारी सवलत दोन हजारांहून अधिक रोख रक्कम दिल्यास मिळत नाही, धान्य-कपड्यांवरही मिळत नाही, आणि बाबा नव्या करप्रणालीत असल्यामुळे तिचा तसाही उपयोग नाही. तेव्हा त्या हिशेबात अडकू नये.

बाबांना मात्र पैशाहून मोठी एक गोष्ट देता येईल. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ही योजना लागू केली, परंतु ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्यातील कितीतरी जणांना तिचा पत्ता नसतो, आणि असला तरी उत्पन्नाचा दाखला वेळेवर हाती नसतो. बाबांची सारी नोकरी महसूल खात्यात गेली. कोणता अर्ज कुठे द्यायचा, सोबत काय जोडायचे, तहसील कार्यालयात कोणत्या खिडकीवर जायचे, हे ज्याला पाठ आहे असा माणूस आठवड्यातून दोन सकाळी रुग्णालयाच्या आवारात बसला, तर त्याच्या हातून जे होईल ते कोणत्याही देणगीने होणार नाही. कुणाच्या मुलाची शिष्यवृत्ती अडली असेल, कुणाच्या शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढले नसेल. निवृत्तीनंतर आपला उपयोग संपला, असे बाबा अधूनमधून म्हणतात, ते आम्हाला मान्य नाही.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यांतील अनेकांना वरचेवर रक्त लागते, आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद झाली की शिबिरे थांबून रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. दादाचा थोरला आता अठरा वर्षांचा झाला आहे. त्याने आणि दादाने दर उन्हाळ्यात रक्तदान करायचे कबूल केले आहे.

आई, तू नेत्रदानाचा विषय स्वतः काढलास, म्हणून लिहिण्याचे धैर्य झाले. वय, चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांमुळे नेत्रदान अडत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक यावे लागते. ते घरी येते आणि पैसे घेत नाही. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोके उशीवर उंच ठेवायचे आणि पंखा बंद करायचा. अर्ज तू भरलास, तरी त्या वेळी संमती घरच्यांनाच द्यावी लागते, आणि नेमक्या त्याच घटकेला घरातील कुणीतरी कच खाते. म्हणून आज शांत मनाने लिहून देते, की दादा आणि मी तुझ्या इच्छेआड येणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही येऊ देणार नाही. हे लिहिताना हात जड झाला, पण तू सांगितलेले आम्ही नीट ऐकले आहे, हे तुला कळावे असे वाटले.

दिवाळीत आम्ही सगळे नागपुरात आहोत. पाडव्यानंतर कार्यालये उघडली की बाबा, दादा आणि मी समाजसेवा अधीक्षकांना भेटून येऊ, म्हणजे कार्तिकातच सुरुवात करता येईल. दादाने रविवार मागितला आहे आणि मला गुरुवार हवा आहे. उरलेल्यांतून तुमचा वार तुम्ही ठरवावा आणि मावशीला व काकांना बाबांनीच फोन करून विचारावे. तुमच्या शब्दाला कुणी नाही म्हणणार नाही.

तुमची मुलगी