घरात आई-वडील दोघे आहेत का, एवढ्यावर निकाल लागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेतल्या पिछाडीचा विषय निघाला की मराठी लेखांत एक वाक्य हमखास येते : ‘तिकडे कुटुंबव्यवस्था मोडली, म्हणून मुले मागे पडली.’ त्यामागोमाग दुसरे येते : ‘भारतीय पालक मुलांकडे लक्ष देतात, म्हणून आपली मुले पुढे.’ या वाक्यांसोबत दिलेले आकडे बहुधा बरोबर असतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र कच्चा असतो. या विषयावर तिथे गेली साठ वर्षे काम झाले आहे आणि त्यातून निघालेले चित्र या दोन वाक्यांत मावणारे नाही.

‘मोडलेल्या कुटुंबा’चा सिद्धान्त गाजला तो 1965 च्या मार्चमध्ये, अमेरिकी कामगार खात्यातले अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांच्या अहवालामुळे. तेव्हा कृष्णवर्णीय मुलांपैकी साधारण एक चतुर्थांश मुले विवाहाबाहेर जन्मत होती. आज हे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास आहे (सगळ्या देशाचे मिळून सुमारे 40 टक्के). याच काळात शिक्षणाचे काय झाले? 1964 मध्ये पंचवीस वर्षांवरच्या कृष्णवर्णीयांत हायस्कूल (म्हणजे तिकडची बारावी) पूर्ण केलेले जेमतेम चारात एक होते. आता दहात जवळपास नऊ आहेत. कुटुंबाची रचना हेच मुख्य कारण असते तर हा आलेख उलटा जायला हवा होता. लेखांतून हा दुसरा आकडा सहसा गळतो.

याचा अर्थ रचनेचा काहीच परिणाम होत नाही असा नव्हे. समाजशास्त्रज्ञ सारा मॅक्लॅनहन आणि गॅरी सँडेफर यांनी 1994 साली मांडलेला निष्कर्ष आजही आधाराचा आहे : एकाच पालकाजवळ वाढलेल्या मुलांत हायस्कूल अर्धवट सोडण्याचे प्रमाण दोन्ही पालकांजवळ वाढलेल्यांच्या सुमारे दुप्पट. पुढचा भाग महत्त्वाचा. या फरकातला अंदाजे निम्मा भाग एकट्या उत्पन्नाने उलगडतो. उरलेल्यात घर आणि शाळा वारंवार बदलणे, पालकाला वेळ नसणे, देखरेख विरळ होणे यांचा वाटा येतो. विधवा आईजवळ वाढलेली मुले घटस्फोटित किंवा अविवाहित आईजवळ वाढलेल्यांपेक्षा सरस ठरतात, आणि सावत्र वडील घरात आले, उत्पन्न वाढले, तरी मुलांचे निकाल एकट्या आईच्या घरांपेक्षा फारसे सुधारत नाहीत. ‘घरात पुरुष हवा’ एवढेच सूत्र खरे असते तर या दोन्ही गोष्टी घडल्या नसत्या. पैसा, स्थैर्य आणि घरातली उलथापालथ किती वेळा झाली, यांवर बरेच काही ठरते.

‘विवाहाबाहेर जन्म’ म्हणजे ‘बापाविना मूल’ ही समजूतही चुकीची आहे. 1998 ते 2000 या काळात मोठ्या शहरांत जन्मलेल्या जवळपास पाच हजार बालकांचा मागोवा घेणारा एक दीर्घ अभ्यास प्रिन्स्टन आणि कोलंबिया विद्यापीठांनी चालवला. त्यात आढळले की मुलाच्या जन्मावेळी अविवाहित जोडप्यांपैकी सुमारे निम्मी एकत्र राहत होती आणि आणखी जवळपास एक तृतीयांश जोडप्यांचे प्रेमसंबंध टिकून होते. पुढच्या काही वर्षांत त्यातली बरीच विभक्त झाली. एका दिवशीच्या नोंदीवरून मुलाच्या घराला ‘एकल’ असा शिक्का मारला, तर ही सगळी ये-जा हिशेबातून निसटते. नुकसान करते ती बहुतांशी ही ये-जाच.

आता वंशाकडे. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टिना क्रॉस यांनी 2020 मध्ये दाखवले की दोन पालकांच्या घरात न राहण्याचा शिक्षणावरचा तोटा गोऱ्या मुलांमध्ये जास्त, तर कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांमध्ये कमी असतो. वाचायला हे उलटे वाटते. कारण असे की ज्या समाजात दोन पालकांच्या घरांनाही आर्थिक ओढाताण सुटलेली नाही, तिथे एक पालक कमी झाल्याने पडणारी भर तुलनेने लहान राहते. आजी, मावशी, आत्या यांचा आधारही थोडा कामी येतो, पण आर्थिक कारण त्याहून मोठे. म्हणजे सगळ्या कृष्णवर्णीय घरांत उद्या लग्ने लागली तरी वांशिक दरी त्या प्रमाणात बुजणार नाही.

अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सुमारे दोन कोटी मुलांच्या कर आणि जनगणनेच्या नोंदी जोडून हेच दुसऱ्या बाजूने तपासले. आईवडिलांचे उत्पन्न सारखे असले तरी कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी कमावतात, आणि 99 टक्के वस्त्यांत हेच दिसते. मुलींमध्ये ही दरी जवळपास नाही. एकाच घरातले भाऊ-बहीण, आईवडील तेच. मग कुटुंबाची रचना फक्त भावालाच नडते असे कसे म्हणायचे? याच अभ्यासात एक लक्षणीय गोष्ट निघाली : ज्या वस्तीत कृष्णवर्णीय वडील मोठ्या संख्येने घरी असतात, तिथे मुलग्यांचे भले होते, अगदी ज्यांचे स्वतःचे वडील घरी नाहीत त्यांचेही. मात्र गरिबी 10 टक्क्यांखाली आणि निम्म्याहून अधिक वडील घरी, अशा वस्तीत वाढणारी कृष्णवर्णीय मुले पाच टक्केसुद्धा नाहीत. गोऱ्या मुलांत हे प्रमाण साठ टक्क्यांवर आहे.

उत्पन्न सारखे म्हणजे परिस्थिती सारखी, असेही नाही. फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (निम्म्यांची जास्त, निम्म्यांची कमी अशी मधली) संपत्ती 2,85,000 डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. पगार तोच, पण नोकरी गेली तर घर किती महिने तग धरेल, हे या दुसऱ्या आकड्यावर ठरते. तिथल्या सरकारी शाळांचा साधारण 45 टक्के पैसा स्थानिक महसुलातून येतो आणि त्यात मालमत्ता कराचा हिस्सा सर्वांत मोठा. घराची किंमत कमी असलेल्या भागात करही कमी जमतो. राज्ये ही तूट काही प्रमाणात भरून काढतात, कुठे चांगली तर कुठे नावापुरती.

पालकांच्या सहभागाबद्दल अधिक लिहायला हवे, कारण इथे करण्याजोगे काही आहे. आधी चूक कुठे होते ते पाहू. बहुतेक पाहण्या ‘सहभाग’ मोजतात तो शाळेच्या सभेला हजेरी, स्वयंसेवक म्हणून काम आणि गृहपाठात मदत यांवरून. रात्रपाळी करणारी किंवा तासावर पगार घेणारी आई सभेला येत नाही, म्हणून ती ‘उदासीन’ ठरते. गृहपाठाचे गणित तर आणखी फसवे आहे. मूल मागे पडू लागले की पालक मदतीला बसतात. परिणामी आकडेवारीत मदत जास्त तिथे गुण कमी, असे दिसते आणि कार्यकारणभाव उलटा वाचला जातो.

कीथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस यांनी 2014 मध्ये साठहून अधिक प्रकारचा सहभाग तपासला. बहुतेक प्रकारांचा गुणांशी ठोस संबंध सापडला नाही, आणि जिथे सापडला तिथे तो सगळ्या वंशांत आणि आर्थिक गटांत सारखा नव्हता. टिकले ते मोजकेच : लहानपणी वाचून दाखवणे, शाळेतल्या गोष्टींवर घरी बोलणे, मुलाने पुढे शिकावे ही अपेक्षा स्पष्ट ठेवणे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी 2009 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही माध्यमिक वयात सर्वाधिक फायदा दिसला तो अभ्यास कशासाठी, पुढे काय, या बोलण्याचा. शेजारी बसून गणिते सोडवून घेण्याचा नव्हे.

मग शाळेने पालकांना काय द्यावे? माहिती : नेमकी आणि वेळेवर. फिलाडेल्फियात वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांच्या पालकांना प्रत्यक्षाच्या जवळपास निम्म्याच गैरहजेऱ्या ठाऊक होत्या. वर्षभरात आतापर्यंत किती दिवस चुकले, एवढा आकडा टपालाने कळवला तेव्हा दीर्घ गैरहजेरी दहा टक्के किंवा अधिक घटली. ‘दीर्घ गैरहजेरी’ म्हणजे शाळेच्या दिवसांपैकी 10 टक्के. वर्षाचे 180 दिवस धरले तर 18, म्हणजे महिन्याला दोनच. म्हणून ती घरच्यांच्या नजरेत भरत नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या 22 शाळांत न दिलेला गृहपाठ, घसरलेले गुण आणि चुकलेले तास यांचे आपोआप जाणारे मोबाइल संदेश पाठवले. विषयांत नापास होणे 28 टक्क्यांनी कमी झाले, तासांची उपस्थिती 12 टक्क्यांनी वाढली. राज्याच्या परीक्षेतले गुण मात्र हलले नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

अशी सोय बहुधा फसते ती एका साध्या जागी. ‘हवी असेल तर संकेतस्थळावर नोंदणी करा’ असे पालकांना सांगितले की शंभरातला एकही नोंदणी करत नाही. राजधानी वॉशिंग्टनमधल्या प्रयोगात हेच झाले. सगळ्यांना आपोआप जोडून ‘नको असल्यास कळवा’ म्हटले तेव्हा पंचाण्णव टक्क्यांहून अधिक पालक टिकले आणि मुलांच्या गुणांत फरक दिसला तो याच गटात. फोन क्रमांक जुना असणे आणि संदेश पालकांना न येणाऱ्या भाषेत असणे, ही आणखी दोन ठरलेली विघ्ने. दुसऱ्याबाबत तिथला कायदा स्पष्ट आहे : इंग्रजी न येणाऱ्या पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणे शाळेला बंधनकारक आहे, आणि भाषांतराचे काम मुलावरच सोपवू नये, असे 2015 च्या सरकारी मार्गदर्शनात सांगितले होते. विभक्त झालेल्या पालकांसाठीही एक तरतूद आहे. 1974 च्या कायद्यानुसार, न्यायालयाने मनाई केली नसेल तर ज्याच्याजवळ मूल राहत नाही त्या पालकालाही शाळेची नोंद पाहण्याचा हक्क आहे, आणि मागणी केल्यापासून 45 दिवसांत शाळेने ती दाखवली पाहिजे. वेगळे राहणारे कितीतरी वडील हा हक्क कधी वापरतच नाहीत.

राहिला ‘आपल्या’ मुलांचा प्रश्न. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या प्रौढांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पदवीधर आहेत. अमेरिकेच्या सरासरीच्या ते दुपटीहून जास्त आणि भारताच्या सरासरीच्या तर कितीतरी पट. 1965 च्या स्थलांतर कायद्याने आणि पुढे एच-वन-बी व्हिसाने शिक्षण-कौशल्य पाहून जे निवडून आत घेतले, त्यांची ही मुले. एवढी कसून चाळणी केलेल्या गटाची तुलना, ज्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून आणले आणि ज्यांना 1954 पर्यंत कित्येक राज्यांत कायद्यानेच वेगळ्या शाळेत बसवले, त्यांच्याशी करायची आणि श्रेय ‘संस्कारां’ना द्यायचे, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात नापास होण्यासारखे आहे. ‘आशियाई’ या एकाच रकान्यात लाओस आणि कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेल्यांची मुलेही मोजली जातात. त्यांचे आकडे वेगळे काढले की चित्र पुष्कळ बदलते.

संपादकांना एक विनंती. असा लेख छापताना लेखकाला काही गोष्टी विचाराव्यात. ‘एकल पालक’ जन्माच्या वेळचा, पाहणीच्या दिवशीचा की संपूर्ण बालपणातला? तुलना सारख्या उत्पन्नाच्या घरांत आहे का, आणि उत्पन्न कसे मोजले? शाळेतल्या मोफत जेवणावरून गरिबी मोजली असेल तर विशेष जपावे : 2014 पासून अनेक गरीब भागांत अख्ख्या शाळेला ते जेवण मिळते, त्यामुळे त्या रकान्यात सुस्थितीतली मुलेही गरीब म्हणून नोंदली जातात. आणि ‘सहभाग’ म्हणजे नेमके काय मोजले, हे सांगता येत नसेल तर तो शब्द लेखातून काढून टाकलेला बरा.

आपले,
शिक्षणाच्या समाजशास्त्राचे अभ्यासक