मंत्रीसाहेब, कापसाच्या ट्रॉलीला मागून रेडियम कधी लागणार?

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या सभेत आपण शब्द दिला होता, हंगामाआधी प्रत्येक ट्रॉलीला मागून रेडियम, म्हणजे उजेड पडला की चमकणारी पट्टी, लावून देऊ. मी पुढच्या रांगेत होतो, टाळ्याही वाजवल्या. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झाली, दुसरी वेचणी घरात आली, पट्टी आली नाही. आणि 22 दिवसांपूर्वी माझी कार अशाच एका ट्रॉलीवर मागून आदळली.

पुतणीचं साक्षगंध आटोपून रात्री परतत होतो. वेग साठच्या आसपास, शेजारी बायको. समोरून ट्रक अप्पर, म्हणजे दिव्यांचा वरचा झोत, टाकून आला, डोळ्यांपुढे पांढरं झालं. तो सरकला तेव्हा काचेसमोर कापूसच होता. बॉनेट ट्रॉलीखाली शिरलं, मागची फळी काच फोडून आत आली. तिचा डावा डोळा गेला, साहेब. झोपेत ती अजून दोन्ही हात तोंडापुढे धरते. मी जागाच असतो.

ताशी 60 वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच सेकंद-दीड सेकंद जातो, मग थांबायला आणखी वीसेक मीटर. मातकट, बिनदिव्याची ट्रॉली डिपरच्या, म्हणजे खालच्या झोताच्या, उजेडात इतक्या लांबून दिसतच नाही. रेडियम शंभर मीटरवरून चमकतं.

ट्रॉलीवाला शेजारच्या गावचा. दवाखान्यात येऊन रडला. "भाऊ, वायर उंदरानं कुरतडली होती, म्हनलं उद्या लावतो." त्याच्याशी भांडायला माझं तोंड उघडलं नाही, कारण माझ्याही ट्रॉलीला दिवा नव्हता. तो रात्री का निघाला? खरेदी केंद्रावर पहाटेच नंबर लावावा लागतो म्हणून. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव जाहीर केला, पण तो पदरात पडायला आम्ही अंधारातच रस्त्यावर उतरायचं का?

2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. सरकारचाच आकडा आहे. दर पाच अपघातांतला एक मागून धडकेचा. हेल्मेट नसलं की मोबाइलवर चलान येतं. बिघडलेला ट्रक मात्र दोन-दोन दिवस रस्त्यात उभा, भोवती दगड. ट्रक जातो, दगड तिथेच राहतात. ते कोणाला दिसत नाहीत. निवडणुकीत याच ट्रॉलीत आम्हाला भरून सभेला नेता, रात्री उशिरा परत सोडता, तेव्हाही तिला मागचा दिवा नसतो. आमच्या जिवाची किंमत मतदानाच्या दिवसापुरतीच आहे, असं मी आता उघड म्हणतो.

जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) आणि खरेदी केंद्राच्या फाटकावर माणूस बसवा. रेडियम लावल्याशिवाय एकही ट्रॉली बाहेर सोडू नका. दंड नको, पट्टी द्या. बंद पडलेली गाडी त्याच रात्री हलवायला तालुक्याला क्रेन द्या. हे उलंगवाडीच्या, म्हणजे कापसाचा हंगाम संपायच्या, आत झालं पाहिजे.

माझ्या ट्रॉलीला मी काल स्वतः पट्टी लावली. गावात आणखी 31 ट्रॉल्या आहेत.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
जि. यवतमाळ