काका, तुम्ही आदल्या दिवशीच माईक चालू केलात

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

3 जानेवारीला आमच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी झाली. त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारी नववीतली मुलगी ती मी. आभार प्रदर्शनात तुमचा उल्लेख 'मंडप आणि ध्वनिक्षेपक व्यवस्था' एवढ्यावरच झाला. सगळीकडे तीच पद्धत आहे, पण माझ्यासाठी तुम्ही जे केलंत त्याला ते पुरत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी याआधी वक्तृत्व स्पर्धेत बोलले होते. सूत्रसंचालन मात्र वेगळंच असतं. भाषण करणारा बोलून खाली उतरतो. सूत्रसंचालकाला प्रतिमापूजनापासून वंदे मातरम् होईपर्यंत तिथेच उभं राहायचं असतं, आणि मधे काही लांबलं, कुणी यायचं राहिलं, की सगळं मैदान त्याच्याच तोंडाकडे बघतं. माझं नाव ठरल्यापासून जेवण गोड लागत नव्हतं. ज्याला सांगावं तो म्हणे, "घाबरू नकोस." सगळे मायेनेच म्हणत होते. पण तेवढ्याने छातीतली धडधड थांबत नाही.

आदल्या संध्याकाळी तुम्ही मैदानावर वायरी ओढत होतात आणि मी स्टेजवर एकटीच सराव करत होते. तोंडातून आवाज फुटत नव्हता. तुम्ही ॲम्प्लिफायर चालू केलात, माईकचा स्टँड माझ्या उंचीला आणलात आणि विचारलंत, "पोरी, नक्की कशाचं भ्या वाटतंय?"

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मला वाटत होतं, भीती म्हणजे भीती. उत्तर शोधायला लागले तेव्हा कळलं, सगळ्यात जास्त धास्ती मला माझ्याच आवाजाची होती. स्पीकरमधून तो कुणा दुसऱ्याचाच वाटायचा, आणि मागच्या भिंतीवर आपटून परत आला की माझं पुढचं वाक्य अडखळायचं. तुम्ही त्यावर धीराचे शब्द बोलला नाहीत. वर्तमानपत्र हातात दिलंत, "वाच," म्हणालात आणि स्वतः मैदानाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिलात. मी वाचत राहिले. बाजारभाव, पावसाच्या बातम्या, काय समोर येईल ते. तुम्ही लांबून हाताने खुणा करत होतात: सावकाश, अजून सावकाश, आता ठीक.

प्रतिध्वनी ऐकू यायला समोरची भिंत किमान 17.2 मीटर अंतरावर असावी लागते, आवाज सेकंदाला 344 मीटर जातो, हे आम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकलो आहोत. मी ती गणितं सोडवली होती. पण वाक्य संपलं की आवाजाला जाऊन यायला वेळ द्यायचा, त्याच्या मागे धावायचं नाही, हे तुमच्यामुळे समजलं. अंधार पडला तेव्हा तो आवाज मला माझा वाटायला लागला होता.

बाकीचं तुम्ही भराभर सांगितलंत. माईक तोंडापासून चार बोटं लांब. हात थरथरत असतील तर माईक हातात घ्यायचाच नाही, स्टँडलाच राहू द्यायचा. तोंड उघडण्याआधी श्वास सावकाश बाहेर सोडायचा. पहिली दोन वाक्यं पाठच असली पाहिजेत, कारण जीव घाबरा होतो तो सुरुवातीलाच. पाहुणे चहा घेत असतानाच त्यांच्याकडे जाऊन नाव आणि पद त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचं. आणि वहीचे कागद वाऱ्याने उडतात म्हणून तुम्ही गाडीतून उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून दिलात. कोऱ्या पाठीवर एकेक कार्यक्रम, वर मोठा आकडा. जाड पत्रिका हातात थरथरत नाही. ही युक्ती प्रत्येक शाळेत शिकवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुण्या वेळेवर येऊ शकल्या नाहीत. त्यांचा दोष नव्हता. सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव आमच्याच खंडाळा तालुक्यात, त्या दिवशी तिकडे मोठी गर्दी असते आणि त्या तिथूनच येणार होत्या. स्वागतगीत संपलं, प्रास्ताविक संपलं, आणि मुख्याध्यापिका बाईंनी मला 'चालू ठेव' अशी खूण केली. 1831 साली नायगावात जन्मलेली मुलगी 1848 मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींना शिकवू लागली, अंगावर शेणगोळे झेलत शाळेत जात राहिली, आणि 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्याच आजाराने गेली, हे मी सांगितलं. सांगताना माझाच गळा दाटून आला. पण पाहुण्यांची गाडी अजून आली नव्हती.

तेव्हा तुमचं शेवटचं वाक्य आठवलं: "वेळ काढायची पाळी आली तर एकटीनं बोलत बसू नको, समोरच्याला बोलतं कर." मी विचारलं, "आपल्या घरात शाळेची पायरी चढणारी पहिली बाई कोण?" क्षणभर कुणी हललं नाही. मग बायकांच्या रांगेतून एक आजी उठल्या. तुम्ही कॉर्डलेस माईक घेऊन धावतच त्यांच्याजवळ गेलात, त्यांना धरता येईना तर स्वतः त्यांच्यापुढे धरलात. त्या म्हणाल्या, "मीच पहिली. चौथीपर्यंत शिकले. पुढं धाडलं नाही." मग दुसऱ्या उठल्या, तिसऱ्या उठल्या. कुणी आईचं नाव घेतलं, कुणी सुनेचं. एक ताई म्हणाल्या, "माझ्या घरातली पहिली माझी लेक, ती समोर तिसरीच्या रांगेत बसलीय." पाहुण्या आल्या आणि तशाच उभ्या राहून ऐकत राहिल्या. त्यांना बोलवायचं भानही काही वेळ कुणाला राहिलं नाही.

कार्यक्रमाचं कौतुक मला मिळालं. बाईंनी पाठ थोपटली, घरी आईने सगळ्यांना फोन केले. तुम्ही तोवर वायरी गुंडाळून पुढच्या गावच्या कार्यक्रमाला निघूनही गेला होतात. गावोगावच्या इतक्या कार्यक्रमांना तुम्ही मागे उभे असता, बोलणारा कुठे अडतो हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! ते सगळं तुम्ही एका संध्याकाळी, मजुरीच्या हिशेबात न धरता, मला देऊन टाकलंत. त्यासाठी मी तुमची फार ऋणी आहे.

26 जानेवारीचं सूत्रसंचालन आमच्या शाळेतला आठवीचा एक मुलगा करणार आहे. तो फार घाबरला आहे. उरलेल्या कोऱ्या पत्रिका मी त्याला दिल्या आहेत आणि 25 तारखेला संध्याकाळी मैदानावर यायला सांगितलं आहे. तेवढा माईक लवकर चालू कराल ना?

तुमची,
नववीतली सूत्रसंचालिका