कॅपखालची दाढ

गुहागर,
नागपंचमी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र सोमवारीच मिळालं. चार दिवस पावसाने वीज नव्हती, नि वाडीत दोन पोफळी आडव्या झाल्या, त्यात उत्तर राहिलं. आज घरात चिरणं-कापणं बंद. दुपारी हळदीच्या पानातले पातोळे झाले, दाढेला काही कामच पडलं नाही. म्हटलं, तिच्याविषयीच लिहू.

तुझे डॉक्टर म्हणतात, नस जिवंत आहे, नुसती कॅप बसवू. नि ऑफिसातले म्हणतात, कॅपखाली आज ना उद्या रूट कॅनॉल (आतली नस काढून पोकळी भरणं) करावंच लागतं, आधीच उरकून घे. माझं ऐकशील तर उरकू नकोस. आता हे मी सांगावं म्हणजे कमालच, कारण माझ्या बाबतीत तुझ्या ऑफिसवाल्यांचंच खरं ठरलं.

आठवतंय ना, आठवीत असताना भाजलेले चिंचोके कोण जास्त फोडतो म्हणून पैज लावायचो? ती खोड मला चाळिशीनंतरही होती. सात वर्षांपूर्वी अशाच पावसात खालची दाढ तडकली. चिपळूणच्या डॉक्टरांनी तपासलं, नस शाबूत होती, म्हणून वरून फक्त कॅप घातली. सहा वर्षं त्या दाढेने सुपारीसुद्धा फोडली (हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही).

गेल्या मे महिन्यात चहाचा घोट घेतला नि कळ उठली. चहा गिळून झाला, कळ जाईना. मग रात्री झोपेतून उठवायला लागली. लवंगेचं तेल लावून पाहिलं, तेवढ्यापुरतं बरं. शेवटी उशाशी माठातल्या पाण्याचा तांब्या ठेवायचो, गार घोट दाढेशी धरला की ठणका थांबायचा. मला वाटलं, गारव्याने बरं वाटतंय म्हणजे साधी उष्णता असणार. आंब्याचे दिवस ना! डॉक्टरांनी तांब्याची गोष्ट ऐकली नि एक्स-रेच्या आधीच मान हलवली. गरमाने वाढतं नि गाराने शमतं, म्हणजे आतली नस मरायला लागलेली असते, ती काही परत सावरत नाही.

मी विचारलं, कॅप तर धड आहे, मग आत बिघडलं कसं? कॅप बसवायची तर दात चारी बाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर तासावा लागतो. वरचं कवच गेलं की ते पुन्हा येत नाही. खालच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या थेट नसेपर्यंत पोचतात, त्यामुळे तासण्याचा त्रास नसेला होतोच. शिवाय कॅप मुळात कोणाला लागते? खोल किडलेल्याला नाहीतर तडकलेल्याला, म्हणजे आधीच मार खाल्लेल्या दाताला. नि तिसरं म्हणजे गळती. आपल्या पडवीला पाणी कुठे लागतं, छप्पर भिंतीला टेकतं तिथे ना? तसंच हिरडीपाशी कॅपची कड असते, तिथलं सिमेंट विरघळलं की कीड आत शिरते. वरून कॅप चकचकीत, आत वाळवी.

पण म्हणून सगळ्याच मरतात असं नाही रे. माझी भाची दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिने हाँगकाँगची २००५ सालची एक पाहणी दाखवली. एकेकट्या कॅपखालच्या जिवंत दातांपैकी दहा वर्षांनी सुमारे ८४ टक्के जिवंतच होते. पडलेल्या दाताच्या जागी पूल (ब्रिज) बसवताना त्याचे खांब झालेल्या दातांत मात्र ७१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या सोळांसाठी उरलेल्या चौऱ्याऐंशींची नस आजच काढायची? जिवंत नस ओरडून सांगते तरी. मेलेल्या दाढेखाली पू होऊन हिरडीवर पुटकुळी येईपर्यंत पत्ता लागत नाही.

माझी कॅप काढावी लागली नाही. तिलाच वरून भोक पाडून आत गेले. दोन मुळं, त्यांत नसेच्या तीन वाटा. दोन खेपांत काम झालं, नि भोक बुजवून टाकलं. इंजेक्शन सोडलं तर दुखलं नाही, दुखलं ते चिपळूणच्या रस्त्याने कंबर. त्या वाटांत भरतात तो गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक, नि ते झाड आपल्या बकुळीच्या नि चिकूच्या कुळातलं! आजी ओवळीच्या, म्हणजे बकुळीच्याच, सालीचं दंतमंजन करायची ते आठवलं. कुळ तेच, काम तेच.

तेव्हा कॅप घाल, पण आधी मुळाच्या टोकापर्यंतचा एक्स-रे काढून घे, नि कड कुठे येणार ते विचार. बसवल्यावर थोडे दिवस गार लागेल, ते चालतं. गरमाची कळ रेंगाळली किंवा रात्री जाग आली, तर माझ्यासारखा तांब्या घेऊन बसू नकोस. नि पुढचे दोन धड दात निव्वळ दिसण्यासाठी तासून घ्यायचं पत्रात लिहिलंयस, ते डोक्यातून काढ. लग्न तुझ्या मुलाचं आहे, तुझं नव्हे.

वहिनींना नमस्कार. आमसुलं नि फणसाची साठं एसटीच्या पार्सलने पाठवतोय. साठं यंदा जरा चिवट झालीत, उजव्या बाजूने खा.

तुझा,
बाळू

ता. क. एक्स-रेचा फोटो पाठव, भाची बघते म्हणाली.