साहेब, भरलेली घरपट्टी माझ्याच नावावर थकवलीत

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. मी निवृत्त अंगणवाडी सेविका आहे. परवा आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर थकबाकीदारांची यादी लागली आणि तीत माझं नाव आलं. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी, सगळं मी बुडवलंय म्हणे. शिक्क्याच्या पावत्या माझ्या ट्रंकेत पडून आहेत. त्या घेऊन कार्यालयात गेले, तर टेबलावरचा पोरगा म्हणाला, "बाई, ह्या २१८ नंबरच्या घराच्या आहेत. तुमचं घर आता ३७१."

पावतीवर नाव माझंच आहे की, म्हटलं. तर संगणक नाव बघत नाही, नंबर बघतो. आता २१८ कोण? एक कुलूपबंद घर, मालक मुंबईला. माझ्या पैशांवर तो प्रामाणिक करदाता झाला आणि मी फलकावर. वर सल्ला मिळाला, "थकबाकीवर निम्मी सूट चालू आहे, भरून टाका ना." म्हणजे जे एकदा पूर्ण भरलं, ते आता सवलतीत पुन्हा भरायचं. आभारी आहे.

गावात घरांना नंबर कसे पडतात, ते मंत्रालयात दिसत नसेल, म्हणून सांगते. मोजणी वेशीपासून सुरू होते. मारुतीचं देऊळ, मोठा वाडा, मग एकेक आळी. आमची वस्ती सगळ्यात शेवटी, मग ती जुनी असो की नवी. पाण्याची लाइन आणि खांबावरचे दिवेही त्याच क्रमाने आले, हा योगायोगच असणार. भावकीत वाटणी झाली की ४२ चे ४२/१, ४२/२ आणि ४२/अ होतात. कुणी नवं घर बांधलं की त्याला नमुना ८ च्या, म्हणजे कर आकारणीच्या, वहीतला शेवटचा नंबर मिळतो, त्यामुळे १२ नंबरला खेटून ६४० उभं असतं. मग चार वर्षांनी फेरआकारणी येते. हा घोळ कुणाला तरी सुटसुटीत करावासा वाटतो आणि सगळ्या गावाचे नंबर नव्याने पडतात. जुना नंबर नव्या वहीत लिहून ठेवायला किती शाई लागते?

नव्या नंबराची पाटी मात्र आली. ठेकेदाराच्या पोरांनी न विचारता दारावर ठोकली आणि शंभर रुपये घेतले. पाटीवर घोषणा मोठी, नंबर बारीक. राज्यात सत्तावीस-अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीत पाचशे घरं धरा, पाटीला शंभर धरा. माझा हिशेब कच्चा असेल, पण एकशे चाळीस कोटींच्या आसपास जातो. एवढ्यात वह्या नीट लिहिणारी किती माणसं नेमता आली असती?

माझ्या चौकटीवर आता दोन पाट्या आहेत, २०११ च्या जनगणनेचा पुसट आकडा आहे, पोलिओचा खडूचा 'पी' आहे. वीजबिलावर आणखी वेगळा ग्राहक क्रमांक. त्यातल्या पोलिओच्या खुणा गावभर मीच केल्यात. मानधनावर, उन्हातान्हात, दर फेरीला. अंगणवाडीच्या रजिस्टरातले कुटुंब क्रमांकही माझ्याच हातचे. एवढ्या वर्षांत ग्रामपंचायतीच्या नंबरावरून मला एकही घर सापडलं नाही. कुणाची सून, कुणाचा वाडा, चिंचेच्या अलीकडे की पलीकडे, असंच विचारत हिंडले. मानधन थकायचं तेव्हा कुठल्या फलकावर खात्याचं नाव लागलेलं मी पाहिलं नाही.

२०२० साली स्वामित्व योजना आली, गावठाणातली घरं ड्रोनने मोजून मालकीचा कागद द्यायची. पुरंदरच्या सोनोरीत त्याआधीच ड्रोनने गावठाण मोजून झालं होतं. आमच्याकडेही फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारल्या, ड्रोन उडाला, गावात मिळकत पत्रिका आल्या. मला नाही, कारण माझं घर गावठाणाच्या हद्दीबाहेर पडतं. बँकेत गेले तर नमुना ८ चा उतारा मालकीचा पुरावा धरत नाहीत. कर घेताना माझं घर आहे, कर्ज देताना नाही.

त्याच २०२० साली वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय झाला. चांगला निर्णय, मनापासून सांगते. पण आमच्याकडे नवं नाव ठरावात राहिलं आणि लोकांच्या तोंडी जुनंच. २०२५ साली टपाल खात्याने डिजिपिन काढला. देशातला चार मीटर बाय चार मीटरचा प्रत्येक तुकडा दहा अक्षरांत सापडतो म्हणे. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी सहा आकड्यांचा पिनकोड बसवला, तो अजून तसाच चालतोय, कारण दर चार वर्षांनी तो बदलायची हौस कुणाला आली नाही. आमच्या ग्रामसेवकांचं पदनाम तेवढं बदललं. आता ते ग्रामपंचायत अधिकारी. वही तीच.

आता जनगणनेसाठी पुन्हा घरं मोजायची, पुन्हा आकडे टाकायचे. प्रत्येक खातं आम्हाला पहिल्यांदाच बघितल्यासारखं मोजतं आणि एकाची मोजणी दुसऱ्याला चालत नाही. चूक त्यांच्या वहीत होते आणि पुरावा आम्ही आणायचा. पुरावा आणला की तो जुन्या नंबराचा निघतो.

माझं मागणं मोठं नाही. घराला एकदा नंबर द्या आणि घर उभं आहे तोवर तो हलवू नका. वाटणी झाली तर पोटनंबर पाडा, शेजाऱ्याचा नंबर कशाला बदलता? गावठाणाबाहेरच्या वस्त्यांची मोजणी करा. आणि माझं नाव फलकावरून उतरवून, ज्या खिळ्याला यादी टांगली त्याच खिळ्याला दुरुस्तीचा कागद टांगा. तो सगळ्यांनी वाचला पाहिजे, कारण यादी सगळ्यांनी वाचलीय. सुनेच्या माहेरापर्यंत फोटो गेलाय.

पुढच्या ग्रामसभेत मी पावत्या घेऊन उभी राहणार आहे. तोवर यादी तशीच असेल तर यंदाची घरपट्टी भरणार नाही. मग तुमची यादी एकदाची खरी होईल.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
(जुना २१८, नवा ३७१)