ताटाशेजारचा मोबाईल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मूल जेवत नाही म्हणून समोर मोबाईल लावून द्यायचा आणि ते बघण्यात गुंगले की भराभर घास भरवून मोकळे व्हायचे, ही रीत आता इंदूरच्या आपल्या मराठी घरांतही सर्रास दिसते. चिऊचा घास, काऊचा घास म्हणणाऱ्या आज्याही थकून त्याच वाटेने निघाल्या आहेत. ताट रिकामे झाले याचे आपल्याला समाधान. पण आपण किती खाल्ले, हे त्या मुलाला कळलेलेच नसते. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटे लागतात आणि डोळे पडद्याला चिकटलेले असले की ती जाणीव बोथट होते. काय खाल्ले तेही नीट लक्षात राहत नाही. मग थोड्या वेळाने पुन्हा तोंड चाळवते, आणि तेव्हा कोणी पोळी-भाजी मागत नाही. शेवेचा डबा उघडतो, नाहीतर चिप्सचे पाकीट.

थोड्या मोठ्या मुलांची गोष्ट याहून काळजीची आहे. सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत रात्री खाणे हा इंदूरचा जुनाच शौक. हिवाळ्यात गराडू म्हणजे तळलेला कंद, एरवी भुट्ट्याचा कीस, सगळे घर मिळून चालत जायचे, एका द्रोणात चौघे खायचे. आता मध्यरात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर चीज ओघळणारी रीळ दिसते आणि भूक नसतानाही ऑर्डर जाते. जागरणाने भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि तृप्ती देणारे लेप्टिन घटते, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे दुसऱ्या दिवशीही गोड-तळलेल्याची ओढ आहेच.

सगळा दोष घरावर टाकणे मला पटत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ विकता येत नाहीत. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या कार्यक्रमांत आणि वाहिन्यांवर चिप्स, शीतपेयांच्या जाहिरातींना मनाई आहे. पण मोबाईलवर मुलांचा कार्यक्रम कोणता आणि मोठ्यांचा कोणता, हे ठरवणार कोण? एखादा लोकप्रिय तरुण हसत हसत बर्गर खातो, ती जाहिरात आहे हे दहा वर्षांच्या मुलाला कसे कळावे? ब्रिटनने जानेवारी २०२६ पासून अशा पदार्थांच्या पैसे देऊन केलेल्या ऑनलाइन जाहिराती दिवसभर बंद केल्या. आपल्याकडेही हे व्हायला हवे.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाच वयात दिवसाला फार तर एक तास. हे किती पालकांना ठाऊक आहे? शहरातल्या बालरोगतज्ज्ञांकडून आपल्या वृत्तपत्रात यावर नियमित सदर लिहून घ्यावे, आणि आपल्या महिला मंडळांनी, गणेशोत्सव मंडळांनी यंदा एकेक कार्यक्रम या विषयासाठी राखून ठेवावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक आजी,
रामबाग, इंदूर